हाताला गंज असेल तर जपानी तलवार कशी सांभाळायची, तेही नागपूरच्या हवेत

मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सीनियरने सांगून टाकलं, "स्लिप गेजला तू हात लावायचा नाही, तुझ्या हाताला गंज आहे." स्लिप गेज म्हणजे अचूक मोजमापासाठी वापरतात तो आरशासारखा घासलेला स्टीलचा तुकडा. मला वाटलं चिडवून राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो तुकडाच समोर धरला, आरशासारख्या स्टीलवर माझा अंगठा उमटलेला, तांबूस रंगात, एकेक रेघ मोजता येईल असा. तोच तुकडा आदल्या दिवशी बाकी तिघांनी पण हाताळला होता, त्यांचं काहीच नाही. तेव्हा कानाला खडा लावला, शामीचा म्हणजे मऊ कातड्याचा तुकडा आणि हातमोजे असल्याशिवाय मोजमापाच्या खोलीत गेलो नाही. आणि तरी काही वर्षांनी तोच अंगठा एका जपानी तलवारीवर उमटला, गेज नवीन मागवता येतं, तलवारीचं तसं नसतं, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतो आहे, ज्यांच्या घरी किंवा ओळखीत अशी तलवार आहे आणि ज्यांचा हात माझ्यासारखा आहे त्यांच्यासाठी.

आधी हाताचं समजून घ्या. आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि त्या सगळ्यात दाट तळहातावर आणि तळपायावर असतात. घामात पाणी सोडून मुख्य म्हणजे मीठ, शिवाय थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड, युरिया, असं सगळं, आणि घाम बहुतेक वेळा किंचित आम्लच असतो. यातलं क्लोराइड लोखंडाचं वैरी आहे, पृष्ठभागावर जो पातळ संरक्षक थर असतो तो ते फोडतं आणि एकदा एक ठिपका सुरू झाला की तिथून खाली खात जातं. काही लोकांचा तळहात जास्त ओला असतो, काहींच्या घामात मीठ जास्त असतं, काहींचं दोन्ही. मशीन शॉपमध्ये, घड्याळवाल्यांकडे, गिटारवाल्यांकडे अशी माणसं लगेच ओळखू येतात, गिटारच्या तारा दोन आठवड्यांत काळ्या पडतात त्यांच्या. हा काही शाप नाही की अंगात उष्णता वाढली वगैरे पण नाही, कातडीचा स्वभाव आहे.

तळहाताच्या घामाची अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पाठ आणि कपाळ उन्हाने भिजतं, तळहात मात्र जास्त करून मनाने भिजतो, म्हणजे भीती, उत्सुकता, टेन्शन. म्हणजे एसी लावून बसलात तरी पहिल्यांदा तलवार म्यानातून काढताना हात ओला होणारच, कारण छाती धडधडते नं. हात इतका गळतो की कागद भिजतो, पेन निसटतो, असं रोजचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध, पाण्यात हात ठेवून हलका करंट देण्याची पद्धत, बोटॉक्सची इंजेक्शनं असे उपाय आहेत आणि उपयोग होतो. तलवारीसाठी नाही, स्वतःसाठी दाखवा.

आता टेस्ट. तलवारीला हात लावायच्या आधी ही करायचीच, यात चालढकल नको. हार्डवेअरच्या दुकानातून साध्या लोखंडाची चपटी पट्टी घ्या, स्टेनलेस नको, वीतभर लांब पुरे. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने ती एका दिशेने घासा, चमक आली की स्पिरिटने पुसून कोरडी करा. मग त्यावर मार्करने घरं आखा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या घरात दहा सेकंद अंगठा दाबून ठेवायला सांगा. हात धुतलेला नको, जसा आहे तसा. एक घर कोणी हात न लावता रिकामं सोडायचं, नाहीतर गंज हवेचा की हाताचा हे कळणारच नाही. पट्टी पेपरवर रात्रभर उघडी ठेवा. मे महिन्यात ही टेस्ट खोटी पडू शकते कारण तेव्हा हवेत पाणीच नसतं, जुलैत करा, किंवा दोन्ही वेळेला करा.

आम्ही ही पट्टी नानांकडे केली होती, नागपूरच्या महाल भागातले आमचे जुने शेजारी, तलवार त्यांचीच. पाच अंगठे, माझा, नानांचा, काकूंचा, त्यांच्या सुनेचा, आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. मावशी म्हणाल्या, "माह्या अंगठ्याचं काय घेता भाऊ, रेशनच्या मशीनवर पण येत नाही तो." खरंच होतं, तरुणपणी कामठीला वीस-बावीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी, मग धुणीभांडी, बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या. तरी घेतला त्यांचा अंगठा. सकाळी मी साडेसातला पोहोचलो तेव्हा काकूंनी पट्टी खिडकीत आणून ठेवली होती. माझ्या घरात तांबडा भोवरा उमटलेला, मधोमध तर पिवळट पावडर पण सुटली होती, सुनेच्या घरात पुसट तपकिरी सावली, नानांचं आणि काकूंचं तिरपं धरलं की दिसेल न दिसेल इतकं. आणि मावशींचं घर रिकाम्या घरासारखंच स्वच्छ. वय वाढलं की घाम कमी होतो, कातडी कोरडी पडते, आणि साबण-सोड्यात राहिलेले हात अजूनच कोरडे, त्यामुळे हे असं होतं. त्या दिवसापासून नानांकडे तलवार पुसायच्या वेळी पातं मावशींच्या समोर असतं आणि मी बाजूला बसून सांगतो. माझ्या मते तर घरात ज्याचा हात सगळ्यात कोरडा त्यालाच हे काम द्यावं, पुरुषाचंच काम वगैरे काही नसतं यात.

जाता जाता, जन्मापासूनच बोटांना रेघा नसलेली माणसं पण जगात आहेत, फार थोडी कुटुंबं. एका स्विस बाईला याच्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर अडकून पडावं लागलं होतं, तेव्हापासून डॉक्टर लोक याला इमिग्रेशनला उशीर करणारा आजार असं पण म्हणतात. २०११ मध्ये याचं जीन सापडलं, आणि गंमत म्हणजे या लोकांच्या हाताला घामाच्या ग्रंथी पण कमी असतात. तलवार सांभाळायला यापेक्षा चांगला हात मिळायचा नाही.

आता तलवारीकडे येऊ. जपानी तलवारीचं पातं इतकं नाजूक का? कारण ते स्टेनलेस नसतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, यात ते टाकतच नाहीत. तामाहागाने नावाचं पोलाद, समुद्र-नदीच्या लोहवाळूपासून मातीच्या भट्टीत लोणारी कोळशावर तीन दिवस तीन रात्री गाळून काढलेलं, जपानच्या शिमाने भागात १९७७ पासून ही भट्टी परत सुरू आहे आणि तिथूनच आजच्या तलवार घडवणाऱ्यांना पोलाद जातं. ते घडी घालून घालून ठोकतात, मग पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि लाल करून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन नरम राहते, आणि कडक झालेला भाग फुगतो म्हणून पात्याला ती कमान येते. धारेजवळ जी धुक्यासारखी पांढरी लहर दिसते ती हीच सीमा, हामोन म्हणतात तिला. दोन फुटांच्या वर म्हणजे ६०.६ सेंटीमीटरच्या वर पातं असेल तर काताना, त्याखाली वाकिझाशी, आणि ३०.३ च्या खाली तांतो.

आणि ते पॉलिश! पॉलिश करणारा माणूस वेगळा, तोगिशी, तो दहा-दहा वर्षं शिकतो. शेवटी शेवटी तो कागदासारख्या पातळ दगडाच्या चकत्या अंगठ्याखाली धरून पात्यावर फिरवतो, इंच इंच करत, कितीतरी दिवस. म्हणजे अंगठ्यानेच ती चमक आणलेली असते आणि अंगठ्यानेच ती एका रात्रीत जाते. माझ्या जिवाला हेच लागलं होतं. दसऱ्याला नानांनी तलवार काढली, मी कौतुकाने पात्याची पाठ दोन बोटांत धरली, खाली अंगठा टेकला, दोन सेकंद सुद्धा नसतील. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन, "अरे बघून जा रे जरा, काहीतरी लाल दिसून राहिलं." मी तेल लावून, मऊ कपड्याने रोज थोडं थोडं पुसून गंज थांबवला, पण डाग राहिला आहे, अजून आहे. तो काढायला घासू नका बरं, कोणी काही म्हटलं तरी. पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू, चिंच, राख, रांगोळी, पितांबरी पावडर, यातलं काहीही त्या पात्याला लावायचं नाही. प्रत्येक वेळी पॉलिश म्हणजे पात्यातलं लोखंड कायमचं कमी होतं, आणि ते काम फक्त तोगिशीचं.

कायद्याचं पण सांगून ठेवतो, हे नीट वाचा. भारतात शस्त्र कायदा १९५९ चा, त्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार-खंजीर ही शस्त्रं धरली आहेत, घरकाम-शेतीची हत्यारं सोडून. तुमच्याकडे आजोबांची का असेना, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन लेखी विचारून घ्या, कागद हातात ठेवा. नानांच्या वडिलांना ती बर्माच्या आघाडीवरून मिळाली, १९४५ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी शरणागतीच्या वेळी तलवारी दिल्या तेव्हाची, आणि घरात तिचे कागद पहिल्यापासून ठेवले आहेत. जपानहून नवीन मागवायचा विचार असेल तर तिथे प्रत्येक तलवारीची सरकारी नोंद असते आणि देशाबाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते, मग इथलं कस्टम, म्हणजे ऑनलाइन दिसली आणि घेतली असं करू नका. आणि नुसती इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार काढण्याची जपानी कला, शिकायची आवड असेल तर सरावासाठी जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची बिनधारेची तलवार मिळते, इआइतो, तिला गंजाचं टेन्शन नाही, पण तीही मागवायच्या आधी विचारलेलं बरं.

बर्माहून आलेल्या तलवारींबद्दल एक लक्षात ठेवा, मूठ काढल्यावर आतल्या भागावर छोटा शिक्का मारलेला असेल, शोवा किंवा सेकी असा, तर ती बहुतेक युद्धकाळात कारखान्यात भराभर बनलेली. नुसती सही कोरलेली असेल आणि शिक्का नसेल तर जुनं घराण्यातलं पातं लष्करी मुठीत बसवलेलं असू शकतं, तसं खूप अधिकाऱ्यांनी केलं होतं. नानांच्या पात्यावर शिक्का नाही. त्या आतल्या भागाला नाकागो म्हणतात आणि त्यावरचा काळा गंज कधीही, कधीही साफ करायचा नाही, त्या गंजाच्या रंगावरूनच जाणकार पात्याचं वय सांगतात. बाहेरचा लाल गंज वाईट, आतला काळा गंज म्हणजे तलवारीची जन्मपत्रिका.

आता प्रत्यक्ष कृती. हात साबणाने धुवा, कोरडे करा, मग पाच मिनिटं नुसते बसून राहा, पंख्याखाली, गप्पा न मारता. ही पाच मिनिटं मी सांगतो म्हणून करा, घाबरलेला तळहात याच्याशिवाय थांबत नाही. टेबलावर जाड सुती चादर. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, ओरखडे पडतात. तोंडाला मास्क लावा, जपानमध्ये जुने लोक पातं बघताना ओठात घडी केलेला कागद धरतात, श्वास आणि थुंकी पडू नये म्हणून, आपल्याकडे मास्क सगळ्यांच्या घरी पडून आहेत.

म्यान डाव्या हातात खालून धरायचं, धार वर, आणि उजव्या हाताने मूठ. आधी थोडी, दोन बोटं इतकीच सैल करायची, मग पाठीच्या कडेवरून सरकवत एका दमात बाहेर. धार म्यानाच्या लाकडाला घासली तर म्यान कापलं जातं, आणि तुमचा डावा हात त्याच लाकडाच्या बाहेर आहे हे विसरू नका. मुठीला हातमोजा घालू नका, सुती मोजा मुठीवर घसरतो आणि घसरलेली तलवार पायावर पडते. मोजा फक्त तेव्हा, जेव्हा मूठ काढून पातं हाताळायचं असेल, आणि तो पण नायट्रिलचा, पावडर नसलेला, मेडिकलमध्ये डबा मिळतो.

मूठ काढायची तर बाजूची बांबूची छोटी खिळी, मेकुगी, पितळी हातोडीच्या टोकाने ढकलून काढा. मग मूठ डाव्या हातात उभी धरून उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलकेच थाप द्यायची, पातं आपोआप सैल होऊन वर येतं. ओढाताण करायची नाही. पहिल्यांदा हे कोणाकडून तरी बघूनच शिका, मी लिहिलं म्हणून एकट्याने करू नका.

पुसायला मऊ कापड किंवा चोळून चोळून मऊ केलेला कागद, पाठीकडून पात्यावर घडी करून बसवायचा आणि बुडापासून टोकाकडे जायचं, उलट कधीच नाही, उलट गेलं की बोट जातं. जुनं तेल आधी कोरड्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. इथे गंजहातवाल्यांनी जास्त लक्ष द्या. शुद्ध अल्कोहोल तेल काढतं पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे तुम्ही नव्याण्णव टक्केवाल्याने पुसलं, पातं चकचकीत दिसलं, पण अंगठ्याचं मीठ तिथेच. म्हणून चुकून हात लागलाच असेल तर त्या जागी आधी सत्तर टक्केवालं, त्यात पाणी असतं ते मीठ उचलतं, कापडाची बाजू बदलत दोन-तीनदा, आणि लगेच वर नव्याण्णव टक्केवालं, म्हणजे पाणी पण उडून जाईल, मग तेल. तासाभरात केलं तर पातं वाचतं. मला हे त्या दसऱ्याला माहीत असतं तर नानांच्या पात्यावर आज डाग नसता.

तलवार पुसायच्या तयार सेटमध्ये एक काडीवर रेशमी गोळा मिळतो, उचिको, दगडाची पांढरी पूड असते त्यात, सिनेमात टपटप मारताना दिसतो. मी वापरत नाही आणि तुम्ही पण वापरू नका असंच सांगेन, चांगल्या पॉलिशवर त्याने बारीक ओरखडे पडतात, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पुडीचा तर भरवसाच नाही.

तेल पारंपरिक म्हणजे चोजी, साध्या खनिज तेलात लवंगेचा अंश असतो. नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पांढरं स्वच्छ तेल चालतं. खोबरेल नको, डिसेंबरात आपल्याकडे ते थिजतं आणि पात्यावर गोळे धरतात, जवसाचं तर अजिबातच नको, वाळून चिकट थर होतो, तिळाचं-मोहरीचं पण नको. थेंबभर तेल कापडावर घ्यायचं आणि इतकं पातळ लावायचं की पातं ओलं दिसू नये, नुसतं खोल दिसावं. जास्त तेल म्यानात उतरतं, लाकूड पितं, त्यावर धूळ बसते.

मुठीचं वेगळं लिहितो कारण तिथे कातडीला कातडी भेटते. जपानी मुठीवर दोरीच्या विणीखाली जे पांढरं दाणेदार दिसतं ते रे नावाच्या माशाचं कातडं असतं, सामेगावा. ते दाणे म्हणजे कातडीवर उगवलेले दातच म्हणायचे, दातासारख्याच पदार्थाचे बनलेले, त्यामुळे ओल्या हातात पण वीण सरकत नाही. ज्याचा हात गळतो त्याला ही मूठ म्हणजे वरदान आहे, पण सरावानंतर घाम दोरीत मुरतो, मीठ आत जातं, दोरी काळी पडते, वास येतो. कोरड्या कापडाने दाबून दाबून टिपा, पंख्याखाली सावलीत ठेवा, उन्हात कधीच नाही.

ज्यांच्या कातडीवर नुसतं नख ओढलं तरी गांधी उठतात, शंभरात दोन ते पाच जणांना असतं हे, डर्मॅटोग्राफिझम, त्यांना ही दाणेदार मूठ घट्ट धरल्यावर तळहातावर लाल रेघा दिसतील, अर्ध्या तासात बहुतेक जातात, घाबरू नका, खाज फार असेल तर डॉक्टरांना विचारा. पण ज्यांची कातडी रबरासारखी ताणली जाते आणि साध्या जखमेने पण फाटते, कागदासारखे पातळ व्रण राहतात, एहलर्स-डॅनलॉस म्हणतात या आजाराला, त्यांनी धारेची तलवार उचलूच नये, काचेतून बघावी. हे मी कळकळीने सांगतो.

आणि जत्रेत तलवारीच्या धारेवर उभे राहणारे, अंगाला चमचे चिकटवणारे, त्यांचं काय? चमचे चिकटतात ते गुळगुळीत कातडी आणि तिच्यावरच्या तेलामुळे, टाल्कम पावडर लावा, सगळे चमचे खाली. कोविडच्या लसीच्या वेळी असे व्हिडिओ किती फिरले ते आठवत असेल. धारेवर उभं राहण्यात पण चमत्कार नाही, धार सरकली की कापते, नुसती सरळ दाबली आणि वजन पूर्ण तळव्यावर वाटलं गेलं तर सहसा कापत नाही, शिवाय त्या तलवारी किती धारदार असतात ते त्यांनाच ठाऊक. जपानी तलवारीवर हा प्रकार मनात सुद्धा आणू नका, त्या धारेला केसभर सरकणं पुरतं.

आता आपली हवा. बाकी जगासाठी लिहिलेल्या सूचना नागपुरात अर्ध्याच लागू पडतात. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, हवा वाळून कडकडीत होते, तेव्हा म्यानाचं लाकूड आणि मेकुगीचा बांबू आकसतो. म्यान सैल होतं, मूठ खुळखुळते. उन्हाळ्यात तलवार फिरवायच्या आधी, सराव असो की नुसतं दाखवणं, मेकुगी दाबून बघा. सैल असेल तर त्या दिवशी तलवार परत आत, चर्चा नाही. आणि उन्हाळ्याचा खरा शत्रू उन्हाळा नाहीच, कूलर आहे. नानांकडे तलवार बैठकीत कूलरच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर लटकवलेली होती, दिसायला छान दिसते म्हणून. खसच्या ताट्यांतून येणारी ओली हवा तीन महिने थेट तिच्यावर. बाहेर हवा कोरडी, त्या खोलीत मात्र पावसाळा. आम्ही ती आतल्या खोलीत, लाकडी कपाटात, आडवी, धार वर अशी ठेवली, आणि तेव्हापासून निम्मी कटकट मिटली.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेल, बाकी वर्षात तीन महिन्यांनी पुरे. कपाटात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, ठेवता तर जून ते सप्टेंबर ठेवा, उन्हाळ्यात काढून टाका नाहीतर म्यानाला तडा जातो. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका. जमलं तर होनोकी नावाच्या जपानी लाकडाचं साधं बिनरंगाचं म्यान करवून घ्या, शिरासाया, पातं विश्रांतीला ठेवायचं तर तेच.

दसऱ्याचं राहिलं. शस्त्रपूजा आपल्याकडे होतेच आणि व्हावीच, भोसल्यांच्या गावात तलवारीला हळदकुंकू नाही म्हणणार कोण. पण ओल्या हळदीकुंकवाचं बोट जपानी पात्याला लावलं की त्या बोटाचा घाम, पाणी, रंग सगळं पॉलिशमध्ये शिरतं. नानांना हे सांगताना मला जड गेलं, वडिलांपासूनची रीत आहे त्यांची. आम्ही असं केलं, पातं म्यानातच ठेवायचं, चौरंगावर लाल कापड, त्यावर तलवार आडवी, हळदकुंकू तलवारीसमोर ठेवलेल्या सुपारीला, फूल आणि आपट्याची पानं म्यानाशेजारी. नाना आधी गप्प होते, मग म्हणाले, "ठीक आहे, देवाला पण आपण रोज हात नाही लावत." दुसऱ्या दिवशी मावशी आल्या की पातं काढतो, पुसतो, तेल लावतो, मी लांब बसून टॉर्च धरतो. टॉर्च तिरपा धरा, सरळ नाही, तिरप्या उजेडात नवा ठिपका सुईच्या टोकाएवढा असतानाच दिसतो. गेल्या वेळी टोकाजवळ असा एक दिसला, मावशींनीच आधी पाहिला, "इथं काहीतरी हाय भाऊ." सत्तर टक्के, मग नव्याण्णव, मग तेल, आणि आठ दिवसांनी परत काढून बघितलं तर वाढला नव्हता.